घरच्या घरी एव्ही बोर्ड: जुन्या कॅसेटवाल्या गेमला आरएफच्या मुंग्यांतून सोडवायचंय

किल्ल्याखालचा (सातारा)
मंडळी, घरात एक जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम आहे. कंपनीचं नाव कुठंच नाही, फॅमिकॉमची (निन्टेंडोच्या जुन्या जपानी गेमची) नक्कल आहे एवढं नक्की. चालतो व्यवस्थित. अडचण अशी की मागं फक्त आरएफचं (अँटेनाच्या वायरीचं) एक भोक आहे, पिवळं-पांढरं-लाल एव्ही सॉकेट नाही. अँटेनाच्या जागी वायर घालून चॅनल शोधला की चित्र येतं, पण मुंग्यांसकट, आणि आवाजात घरघर.

त्याला आत बसेल असा एव्ही बोर्ड घरीच करायचा विचार आहे. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. एका ट्रान्झिस्टरवर काम भागतं असं काहीजण म्हणतात, तर काहीजण टीएचएस७३१४ सारखी व्हिडिओ अॅम्प्लिफायर आयसीच हवी म्हणतात. शिवाय आता हात घालतोयच तर कंपोझिटवर (सगळं चित्र एकाच पिवळ्या वायरीतून) का थांबायचं, आरजीबी किंवा कॉम्पोनंट (रंग वेगवेगळ्या वायरींतून) काढता येईल का? कुणी केलंय का? साताऱ्यात पार्ट कुठं मिळतील तेही सांगा.

पप्या_पोवईनाका
पहिला!
(गेम देणार का विकत? बोल.)

निवांत_नारायण
एवढा उपद्व्याप कशाला? हजार-दीड हजारात एचडीएमआयची काडी मिळते. मारिओ, कॉन्ट्रा सगळं त्यात भरलेलं, दोन वायरलेस रिमोट सोबत. टीव्हीला लावा नि खेळा.

किल्ल्याखालचा
नारायणराव, काडी आमच्याकडंही आहे. हा प्रश्न खेळायचा नाही, करायचा आहे.

आयर्विन_पूल (सांगली)
लय भारी धागा. लहानपणी विश्रामबागेत एका मित्राकडं दुबईहून आलेला खराखुरा जपानी गेम होता. चित्र यायचं, आवाज यायचा नाही. कितीही चॅनल फिरवला तरी नुसता फूंऽऽ. त्याच्या वडिलांनी दोन मेकॅनिक बदलले. तोंडानंच 'टुडुंग टुडुंग' करत खेळायचो आम्ही. ते कशामुळं व्हायचं कुणाला माहीत आहे का?

इलेक्ट्रॉन_काका
आयर्विन, मेकॅनिकचा दोष नव्हता. आरएफमध्ये चित्राची एक लहर असते आणि तिच्यापासून ठरावीक अंतरावर आवाजाची. हे अंतर आपल्याकडच्या पाल-बी पद्धतीत ५.५ मेगाहर्ट्झ आहे, जपान-अमेरिकेच्या एनटीएससीत ४.५, चीनच्या पद्धतीत ६.५. आपला टीव्ही आवाज ५.५ वर शोधणार आणि गेम तो ४.५ वर सोडणार. दोघांची गाठ पडायची कशी? चित्र पकडलं जातं कारण ते कुठल्याही चॅनलला हातानं ट्यून करता येतं. जपानी फॅमिकॉम तर ९१.२५ किंवा ९७.२५ मेगाहर्ट्झवर चित्र सोडतो, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्यात. तुमच्या मित्राचा टीव्ही तिथपर्यंत ट्यून झाला हेच विशेष.

आता मूळ धाग्याकडं. किल्ल्याखालचे, आधी खोका उघडा आणि आतला फोटो टाका. फॅमिकॉम १९८३ चा. त्यात सीपीयू आणि चित्र काढणारी पीपीयू या दोन वेगळ्या चाळीस पिनांच्या आयसी आहेत, पीपीयूच्या २१ नंबरच्या पिनेवर कंपोझिट मिळतं आणि सीपीयूच्या १ व २ वर आवाज. नकलांमध्ये हे सगळं एकाच चिपमध्ये कोंबून वर काळा डांबरी ठिपका ओतलेला असतो. ठिपका असेल तर पिना मोजायच्या भानगडीत पडू नका, वेगळ्या वाटेनं जायचं.

मिरजेची_माया
+१. वाचनखूण साठवली. नवऱ्याला दाखवणार नाही, घरात आधीच पसारा आहे.

किल्ल्याखालचा
उघडला. ठिपकाच निघाला, काका. शेजारी ७८०५ (५ व्होल्ट काढून देणारी आयसी) हीटसिंकसह, आणि कोपऱ्यात पत्र्याची चौकोनी डबी. डबीत मेन बोर्डातून चार वायरी जातात. फोटो काढलाय पण इथं चढवताना एरर येतोय.

सोल्डर_सम्राट (कराड)
ती पत्र्याची डबी म्हणजे आरएफ मॉड्युलेटर. भावा, तुझं निम्मं काम झालं. चार वायरींत एक ५ व्होल्ट, एक ग्राउंड, एक व्हिडिओ, एक ऑडिओ. म्हणजे तुला हवं ते कंपोझिट डबीत जायच्या आधी तिथं तयारच आहे. आपण ते डबीत कोंबून, लहरीवर चढवून टीव्हीला देतो आणि टीव्ही ते परत उतरवतो. मुंग्या त्या प्रवासात लागतात.

ओळखायचं कसं: डबीच्या पत्र्याशी कंटिन्युइटी दाखवते ती ग्राउंड. गेम चालू करून सरळ ५ व्होल्ट दाखवते ती पॉवर. उरल्या दोन. टीव्हीच्या ऑडिओ सॉकेटला १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर मध्ये घालून एकेक लावून बघ, गाणं ऐकू आलं की ती ऑडिओ. दुसरीवर नुसती गुणगुण येईल, ती व्हिडिओ. कपॅसिटर मध्ये ठेवच. थेट डीसी टीव्हीत सोडायचा नाही.

तांत्रिक_तात्या
एक ट्रान्झिस्टर वगैरे १९९० ची जुगाडं झाली. टीएचएस७३१४ घ्या. तीन चॅनल, ३ ते ५ व्होल्टवर चालते, ६ डेसिबल गेन, आणि आत ८.५ मेगाहर्ट्झचा फिल्टर. टीव्हीचं इनपुट ७५ ओहम, तुमच्या बाजूनं ७५ ओहमचा रेझिस्टर, दोघांत सिग्नल निम्मा होतो. ६ डेसिबल म्हणजे दुप्पट, हिशोब जमला. तीन चॅनल आहेत तर आरजीबीही काढा.

इलेक्ट्रॉन_काका
तात्या, आयसी उत्तम आहे, वाद नाही. पण आरजीबी काढणार कुठून? फॅमिकॉमच्या पीपीयूत लाल-हिरवा-निळा असे तीन वेगळे सिग्नल कधी बनतच नाहीत. ती थेट कंपोझिट व्होल्टेज घडवते, रंगाची लहरही त्यातच मिसळलेली. बाहेर यायचा रस्ता एकच पिन. आर्केड मशीनसाठी आरजीबीवाल्या वेगळ्या पीपीयू होत्या, त्या काढून बसवतात किंवा मूळ पीपीयूच्या बसवर (डेटाच्या वायरींवर) कान लावून रंग नव्यानं बनवणारा महागडा बोर्ड लावतात. दोन्हीसाठी पीपीयू सुटी हवी. डांबराच्या ठिपक्यात हे शक्य नाही. मग कंपोझिटला तीन चॅनलची आयसी लावायची म्हणजे दोन चॅनल उपाशी.

तांत्रिक_तात्या
ठिपकेवाला आहे हे मी वाचलं नव्हतं. तरीही फिल्टरचा फायदा आहेच.

पप्या_पोवईनाका
तात्या बॅकफुटवर 😂

सोल्डर_सम्राट
फिल्टरचा फायदा कंपोझिटला फार नाही, तात्या. शिवाय ती आयसी एसओ-८ आहे, बारीक पिना. झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) थेट बसत नाही, अॅडॅप्टर घ्या नाहीतर बोर्ड स्वतः कोरा.

साधं सर्किट असं. पीएनपी ट्रान्झिस्टर, ए१०१५ किंवा २एन३९०६. बेसला व्हिडिओ. कलेक्टर ग्राउंडला. एमिटरला ५ व्होल्टकडून ३०० ओहम. एमिटरवरूनच पुढं ७५ ते ११० ओहम, मग २२० मायक्रोफॅरॅड, मग पिवळं सॉकेट. कपॅसिटरचं प्लस टोक एमिटरकडं. गेन काही नाही, ट्रान्झिस्टर फक्त जोर पुरवतो. चिपमध्ये टीव्हीचा ७५ ओहमचा भार ओढायची ताकद नसते, थेट जोडलं तर चित्र काळवंडतं किंवा सिंक (टीव्हीशी जुळणी) सुटून पळायला लागतं.

दोन्हींची डाटाशीट बघूनच पाय वाकवा. ए१०१५ चे पाय एमिटर-कलेक्टर-बेस, २एन३९०६ चे एमिटर-बेस-कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा तसाच ठोकला तर रात्रभर शोधत बसाल.

आयर्विन_पूल
काकांनी माझ्या तीस वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मित्राला फोन केला. त्याचे वडील म्हणाले, "मग त्या मेकॅनिकला दिलेले पैसे?"

वारणेची_वाट
माझ्याकडं असाच गेम होता, २०१९ च्या पुरात तळमजल्यावर राहिला. पाणी उतरल्यावर खोका उघडला तर आत गाळ. फेकवलं नाही. आता हा धागा बघून वाटतंय, जिवंत होईल का?

इलेक्ट्रॉन_काका
होऊ शकतो. पुराच्या पाण्यानं चिप मरत नाही, पाणी असताना पॉवर दिली तर मरते. गाळ सुकून राहिला की तांब्यावर हिरवट थर चढतो, तो मात्र वर्षानुवर्षं खात राहतो. आधी साध्या पाण्यानं आणि मऊ टूथब्रशनं गाळ घालवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा, मग दोन दिवस सावलीत. कॅसेटच्या खाचेतल्या पितळी पट्ट्या एकेक घासा. मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरळ नवे घाला, स्वस्त असतात. अॅडॅप्टर पाण्यात होता का? असेल तर तो भंगारात. त्यात ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टवर आहे, त्याच्याशी प्रयोग नको.

वारणेची_वाट
अॅडॅप्टर माळ्यावर होता, वाचला. आभारी आहे काका. गाळ धुवायला घेतो.

निवांत_नारायण
अॅडॅप्टरचा विषय निघालाच आहे तर. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर लावला तर चालेल ना? ७८०५ म्हणजे ५ व्होल्टच.

सोल्डर_सम्राट
आले का नारायणराव मार्गावर!
तसाच नाही चालणार. ७८०५ ला ५ व्होल्ट बाहेर द्यायला आत साधारण ७ व्होल्ट लागतात. आत पाचच दिले तर बाहेर साडेतीनच्या आसपास, गेम अर्धवट जागा होतो. ७८०५ काढून टाकून चार्जर थेट तिच्या आउटपुटच्या जागी जोडला तर चालतं, पण चार्जर चांगला हवा, स्वस्त चार्जरचा कचरा पडद्यावर रेघा होऊन दिसतो. जुना ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर त्यातला फिल्टर कपॅसिटर सुकलेला असतो, मग चित्रात आडवे जाड पट्टे हळूहळू वर सरकतात आणि आवाजात १०० हर्ट्झची गुणगुण. ती किल्ल्याखालच्याची 'घरघर' मला तीच वाटते. बोर्ड करण्याआधी तो कपॅसिटर बदल.

आणि पिनेची पोलॅरिटी मोजल्याशिवाय दुसरा अॅडॅप्टर लावू नये. फॅमिकॉमच्या घराण्यात मधली टाचणी मायनस असते, आपल्या राउटरच्या अॅडॅप्टरांत बहुतेक प्लस.

मिरजेची_माया
नवऱ्याला दाखवला धागा. चूक झाली. 😐

तंबोऱ्याची_तार (मिरज)
तांत्रिकातलं कळत नाही, पण एक कुतूहल. माझ्या मुलाच्या जुन्या गेमवर आणि यूट्यूबवर तेच गाणं वाजतं तर गेमवरचं संथ वाटतं. सूर मात्र जवळपास तोच. टेप हळू चालली तर सूरही उतरायला हवा ना?

इलेक्ट्रॉन_काका
व्वा, मिरजेचा कान! बरोबर ऐकलंत. मूळ जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रं काढतं, आपल्याकडचं पाल ५०. गाण्याचा ठेका चित्रांच्या गतीला बांधलेला असतो, म्हणून तो साठाचा पन्नासावर येतो, सरळ सहावा हिस्सा मंद. पण सूर सीपीयूच्या घड्याळावर ठरतो. जपानी सीपीयू १.७९ मेगाहर्ट्झला पळतो. आपल्याकडच्या पाल नकलांत २६.६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला १५ नं भागतात, येतात १.७७. फरक एक टक्क्याहून कमी. म्हणजे पट्टी तीच, लय विलंबित. युरोपच्या अधिकृत पाल यंत्रात मात्र १६ नं भागतात, १.६६ येतात, तिथं सूरही उतरतो. या बाबतीत नक्कल अस्सलापेक्षा सुरेल.

तंबोऱ्याची_तार
एक टक्का म्हणजे अर्ध्या श्रुतीपेक्षाही कमी की हो. मुलाला सांगतो.

पप्या_पोवईनाका
धागा होता गेमचा, पोचलो श्रुतीला. मायबाप, बंदूक चालेल का? बदकं मारायची आहेत.

तांत्रिक_तात्या
एलईडी टीव्हीवर नाही चालणार, बोर्ड कसाही करा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे, त्यानं त्याच क्षणी पांढरं बघितलं तर बदक पडलं. एलईडी टीव्ही चित्र आत घेऊन, मोठं करून, उशिरा दाखवतो. तोवर गेमनं नेम चुकला म्हणून ठरवलेलं असतं. शिवाय तो डोळा पिक्चर ट्यूबच्या १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकीला जुळवलेला असतो, स्थिर प्रकाश त्याला दिसतच नाही.

पप्या_पोवईनाका
तात्या, या उत्तरासाठी तुमच्यावर हसलेलं मागं घेतो. मग ओनिडा-बीपीएलचा डबा शोधायला हवा.

सोल्डर_सम्राट
शोध, पण उघडू नकोस. रंगीत पिक्चर ट्यूबच्या टोपीखाली वीसेक हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात. गेमचा खोका ५ व्होल्टचा, तिथं काय वाट्टेल ते करा.

किल्ल्याखालचा
उशीर झाला, ऊस गेला कारखान्याला त्या गडबडीत होतो. आता अहवाल.

सम्राटदादांच्या पद्धतीनं चारही वायरी ओळखल्या. व्हिडिओची वायर मागं मेन बोर्डात शोधत गेलो तर तिथं आधीच एक ट्रान्झिस्टर आहे, वर सी१८१५ लिहिलंय. तोच डबीला सिग्नल देतोय. म्हणजे जोर पुरवणारा माणूस आत आधीपासूनच कामाला. मग मी वेगळा ट्रान्झिस्टर लावलाच नाही. त्याच्या एमिटरवरून ७५ ओहम आणि २२० मायक्रोफॅरॅड, संपलं. ऑडिओला १ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरॅड, पांढऱ्या-लाल दोन्हीला एकच. सगळं बोटभर झिरो पीसीबीवर बसलं. अॅडॅप्टरचा कपॅसिटर बदलला, घरघर जवळपास गेली.

चित्र पहिल्या झटक्यात आलं, पण त्यावर तिरक्या बारीक लाटा होत्या. डबीकडं जाणारी ५ व्होल्टची आणि व्हिडिओची वायर कापली. लाटा बंद.

पार्टचं म्हणाल तर रेझिस्टर-कपॅसिटर साताऱ्यातच एका टीव्ही दुरुस्तीच्या काकांकडं मिळाले, पैसे घेतले नाहीत, गेम दाखवायला आण म्हणाले. चांगली पॅनेलची आरसीए सॉकेट मात्र पुण्याहून, पासोड्या विठोबाच्या मागून भावानं आणली.

आता एकच राहिलंय. निळ्या आकाशावर उभ्या फिकट पट्ट्या दिसतात. सरकत नाहीत, जागच्या जागी.

इलेक्ट्रॉन_काका
शाब्बास! डबीचा वीजपुरवठा तोडलात ते फार चांगलं केलंत. डबी चालू ठेवली की तिच्या पन्नास-साठ मेगाहर्ट्झच्या लहरी शेजारच्या उघड्या वायरीत शिरतात, लाटा त्याच्या. बहुतेकजण डबी 'असू दे' म्हणून ठेवतात आणि मग बोर्डाला नावं ठेवतात.

उभ्या पट्ट्या म्हणजे डिजिटल वायरींची व्हिडिओत गळती. दोन गोष्टी करा. सॉकेटची ग्राउंड वायर जवळच्या सोयीच्या ठिकाणी नको, ७८०५ च्या ग्राउंड पायापासून स्वतंत्र ओढा. आणि व्हिडिओची वायर साधी असेल तर शील्डवाली घ्या, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. ती कॅसेटच्या खाचेखालून नेलीय का?

किल्ल्याखालचा
खाचेखालूनच नेलीय, तिथंच जागा होती. उद्या बाजूनं फिरवतो.

तांत्रिक_तात्या
७८०५ च्या आउटपुटवर शंभर नॅनोचा सिरॅमिक आणि एक ४७० मायक्रोचाही टाका. पट्ट्या पूर्ण जात नाहीत, त्या चिपमध्येच असतात थोड्या, पण पुष्कळ फिकट होतात. आणि हो, टीव्हीवर 'गेम मोड' असेल तर लावा. हे यंत्र अर्धी-अर्धी चित्रं पाठवत नाही, प्रत्येक वेळी त्याच ओळींवर पूर्ण चित्र काढतं. नवे टीव्ही ते अर्धं समजून दोन-दोन जोडत बसतात. मार लागल्यावर लुकलुकणारा मारिओ त्यामुळं कधीकधी गायबच होतो.

मिरजेची_माया
आमच्याकडं आता स्वयंपाकघराच्या ओट्यावर सेगा मेगा ड्राइव्ह उघडा पडलाय. नवरा विचारतो, याला असलाच बोर्ड चालेल का. लवकर सांगा, कणीक मळायची आहे.

सोल्डर_सम्राट
वहिनी, त्यांना सांगा स्क्रू परत लावा. मेगा ड्राइव्हला बोर्ड लागतच नाही. त्यात व्हिडिओची वेगळी आयसी असते आणि कंपोझिट, आरजीबी दोन्ही मागच्या गोल सॉकेटवर आलेलं असतं. पहिल्या मॉडेलला ८ पिनांचं, दुसऱ्याला ९ पिनांचं. फक्त केबल करायची. पहिल्या मॉडेलच्या मागच्या सॉकेटवर आवाज मोनो असतो, स्टिरिओ हवा तर पुढच्या हेडफोनच्या भोकातून घ्या.

मिरजेची_माया
स्क्रू एक सापडत नाहीये.

किल्ल्याखालचा
वायर बाजूनं फिरवली, ग्राउंड ७८०५ वरून घेतला, तात्यांचे दोन्ही कपॅसिटर टाकले. पट्ट्या आता जवळ जाऊन बघितल्याशिवाय दिसत नाहीत. दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात ट्यूबवाल्या टीव्हीला लावला तर तेवढ्याही नाहीत. पप्या, बंदूक घेऊन ये, काका परवानगी देतायत.

पप्या_पोवईनाका
निघालो. पेढे कुणाकडून?

वारणेची_वाट
गाळ धुतला, कपॅसिटर बदलले, पॉवर दिली. राखाडी पडदा येतोय, गेम येत नाही. ७८०५ वर बरोबर ५ व्होल्ट आहेत. कॅसेट दाबून धरली की क्षणभर रंगीत चौकोन येतात.

इलेक्ट्रॉन_काका
चौकोन येतात म्हणजे चिप जिवंत आहे, पकड सुटलीय. खाचेतली प्रत्येक पट्टी सुईनं हलकेच बाहेर उचला आणि कॅसेटच्या कडेवरचे तांब्याचे दात खोडरबरानं घासा. फुंकर मारू नका, थुंकीनंच जास्त गंजतं. त्यानंतरही राखाडीच राहिलं तर खाचेच्या पिनांपासून ठिपक्यापर्यंत एकेक ट्रेस मीटरनं तपासा, गाळानं एखादी खाल्लेली असेल. ती बारीक वायरनं जोडता येते.